सोबत काय काय येतं

त्यांची पहिली भेट टेबलाखाली झाली.

वाचनालयातल्या चार नंबरच्या कॉम्प्युटरने भर दुपारी मान टाकली होती. ती बाह्या वर सारून, गुडघ्यांवर बसून तारांच्या गुंत्यात प्लग शोधत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "कोणत्या शहाण्याने लावलंय हे... एका भोकात सात जणांचा संसार!"

"शहाण्याने लावलं असतं तर आपली भेट झाली नसती," पलीकडून आवाज आला.

ती दचकली आणि डोकं खाडकन टेबलाला आपटलं. दुसऱ्या बाजूने एक लांबोडका चेहरा वाकून आत बघत होता. तो आत्याचं पुस्तक परत करायला आला होता. काउंटरवर कुणी नाही आणि टेबलाखाली मात्र भांडण चाललंय, म्हणून त्याने वाकून पाहिलं होतं.

"लागलं?"

"नाही."

"डोळ्यांत पाणी आलंय."

"धूळ आहे इथे."

"बरं... धूळ," तो म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून पेचकस काढला. लोक खिशाला पेन लावतात, हा माणूस पेचकस लावून हिंडत होता. दहा मिनिटांत कॉम्प्युटरने डोळे उघडले. तिने पुस्तक जमा करून घेतलं आणि 'आभारी आहे' म्हणायचं राहूनच गेलं. संध्याकाळभर तिला ते टोचत राहिलं. टेंगूळही, पण ते कमी.

तिला सगळे कार्डबाई म्हणत. सहा वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा पुस्तकांची कार्डं हाताने लिहायची. पुढे कार्डं गेली, कॉम्प्युटर आले, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. वय तीस. अक्षर मोत्यासारखं. नोकरी हंगामी, दर वर्षी नव्याने सही करून मिळणारी. घरी एक थोरला भाऊ, वहिनी आणि भावाचा एक ठाम सल्ला: "वरच्यांसमोर तोंड उघडायचं ते जांभई द्यायला. आणि तीही हात ठेवून."

त्याचं बसथांब्यामागे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या खिशातल्या पेचकसावरून त्याचं बारसं उरकून टाकलं: मिस्त्री.

त्याच महिन्यात वाचनालयाला कुणा दात्याने नऊ नवे कॉम्प्युटर दिले. अगदी कोरे, आत काहीच नाही. कोणती सिस्टिम घालायची यावर व्यवस्थापन समितीत दोन तट पडले. अध्यक्षांचं म्हणणं विकतची घ्यावी, सगळं जग तीच वापरतं. दोघांचं म्हणणं मोफतची घ्यावी. शेवटी ग्रंथपाल खाकरले. ते निवृत्तीला टेकले होते आणि कुणालाच भीत नव्हते.

"चांगली कोणती, हा वाद मला नको," ते म्हणाले. "पेटी उघडल्यावर सोबत काय काय येतं, एवढंच मला बघायचंय. दोन मशीन शेजारी शेजारी मांडा. एकात ही, दुसऱ्यात ती. बाहेरचं काहीही आणून घालायचं नाही. तीन आठवडे लोकांना वापरू द्या आणि लिहून काढा."

मांडायला मिस्त्रीला बोलावलं. लिहायला कार्डबाई होतीच.

खिडकीजवळच्या मशीनमध्ये मोफतची घातली, भिंतीजवळच्यात विकतची. मध्ये दोन खुर्च्या आणि एक लांब वही.

"फुकटची इकडे, विकतची तिकडे," तिने वहीत दोन रकाने आखले.

"फुकटची नाही. मोकळी म्हणा," तो म्हणाला. "फुकट म्हटलं की माणूस वाटीभर जास्त घेतो आणि नावं ठेवतो."

"तुम्ही हिचे सासरे का? एवढं लागलं ते!"

"मी हिचा मास्तर. दहा वर्षं हीच वापरतोय. पण घाबरू नका, परीक्षेत कॉपी करू देणार नाही."

तिने मान खाली घालून 'मोकळी' असं लिहिलं. कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या होत्या.

मग माणसं येऊ लागली. पहिली आली कोपऱ्यावरची शिवणकामवाली. तिला वीज कार्यालयाला अर्ज लिहायचा होता. तिला भिंतीकडे बसवलं. तिथे साधी टिपणवही निघाली, चित्रं काढायची झकास पाटी निघाली, पण नीट समास सोडून पत्र लिहायचं म्हटलं तर ते यंत्र म्हणालं, हे महिनाभर वापरून बघा, मग विकत घ्या. "म्हणजे मशीन दाखवायला आणि सुई वेगळी?" ती म्हणाली. खिडकीकडे पत्राचं, हिशेबाच्या तक्त्यांचं, सगळं सामान आधीच बसवलेलं होतं. अर्ज झाला. कार्डबाईने खिडकीच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी जुना स्कॅनर जोडला. खिडकीने त्याला बघताक्षणी ओळखलं, घरातला असल्यासारखं. भिंतीने विचारलं, हा कोण?

पण मग एका शिक्षिकेने शाळेचा फॉर्म आणला. तो विकतच्या प्रोग्राममध्ये बनवलेला होता. खिडकीत उघडल्यावर त्यातल्या चौकटी अशा सरकल्या की 'वडिलांचे नाव' हे 'रक्तगट' या रकान्यात जाऊन बसलं. कार्डबाई खळखळून हसली. मिस्त्रीही हसला, पण हसता हसता वही स्वतःकडे ओढून लिहिलं: 'मोकळी, चुकली. भिंतीकडेही तो प्रोग्राम विकत घेतल्याशिवाय उघडला नसता, पण चूक ती चूक.'

आणि निवृत्त पोस्टमास्तर! त्यांना बाकी कशाशीच कर्तव्य नव्हतं. ते रोज अकरा वाजता पत्ते खेळायला येत. पहिल्या दिवशी भिंतीकडे बसले आणि पाच मिनिटांत तणतणत उठले. "हा पत्ते वाटायच्या आधी मला गुडघ्याचं तेल विकतो! याला कुणी सांगितलं माझे गुडघे दुखतात म्हणून?" खिडकीकडे पत्त्यांचे चाळीस-पन्नास डाव निघाले, एकातही जाहिरात नाही. पोस्टमास्तर तिथे जे बसले ते जेवायलाच उठले.

"वहीत काय लिहू?" तिने हळूच विचारलं.

"लिहा... 'ज्येष्ठ नागरिक. समाधानी. उठवता येत नाही.'"

असे दिवस जात होते. सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून तिरकं येऊन की-बोर्डवर पडायचं, सरकत सरकत तिच्या मनगटावर यायचं आणि तो बोलता बोलता थांबायचा... मग घाईने दुसरंच काही बोलायचा. चहाचे दोन पेले यायचे. तो आपला पेला दोन्ही हातांत धरून बसायचा, तिचा निवत चालला की न बोलता पुढे सरकवायचा. त्याच्या बोटांना सोल्डरचा, तापल्या धातूचा वास असायचा. घरी भाजी निवडतानाही तिला तो वास यायचा. वहिनी म्हणाली, "काय गं, मेथीची काडी टोपलीत आणि पानं केरात?"

एका दुपारी पाऊस भुरभुरत होता, वाचक तुरळक होते. तिने पेन गालाला लावून विचारलं, "मिस्त्री, सगळ्यांचं लिहून झालं. तुमच्यासोबत काय काय येतं?"

तो चपापला. मग गंभीर चेहऱ्याने बोटांवर मोजायला लागला. "एक आत्या. आत्याचा दमा. एक दुकान, ज्याचं शटर अर्ध्यावर अडकतं. एक सायकल. सगळं आधीपासून बसवलेलं आहे... काढून टाकायची सोय नाही."

"आत्या कशी आहे?"

"तापट. पण उघडायला वेळ घेत नाही. तुमच्यासोबत?"

"दादा."

"बंद करता येतो?"

"छे! तो आपोआप चालू होतो. मी दारातून आत गेले की."

दोघं इतकं हसले की पोस्टमास्तरांनी डावातून मान वर काढली आणि म्हणाले, "वाचनालय आहे हे!" हसू ओसरलं. काचेवरून थेंब ओघळत होते. त्याचा हात वहीच्या त्या कडेला होता, तिचा या कडेला — मध्ये फक्त दोन रकाने.

तिला तो कधीपासून आवडला, असं कुणी विचारलं असतं तर तिने टेबलाखालचा दिवस सांगितला नसता. तिने गाण्याच्या बाईंचा दिवस सांगितला असता.

गाण्याच्या बाई म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या संगीत शिक्षिका. पन्नाशीत दृष्टी गेली. वाचायची आवड गेली नाही, म्हणून कार्डबाई त्यांना रोज तासभर वाचून दाखवायची. दोन्ही सिस्टिममध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा आवाज सोबत येत होता. तो ऐकवायला मिस्त्रीने त्यांना बोलावलं.

आधी खिडकी. आवाज सुरू झाला आणि बाईंचं कपाळ आक्रसलं. "हा कुणाचा रे गळा? पत्र्याचा आहे. श्वास कुठे घेतो तेच कळत नाही... थांबव, थांबव."

मग भिंत. बाई ऐकत राहिल्या. दोन पानं ऐकली. "हं. ही बाई निदान माणसांत राहिलेली आहे. स्वल्पविराम कळतो हिला."

मिस्त्रीने क्षणाचाही उशीर न करता भिंतीच्या रकान्यात ठळक खूण केली आणि खाली लिहिलं: 'यात मोकळी नापास. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी दोन मशीनवर विकतचीच घ्यावी.'

बाईंना दारापर्यंत पोचवून कार्डबाई परत आली. "दहा वर्षं जिचे गोडवे गायलात, तिला असं नापास करताना काही वाटलं नाही?"

"वाटलं ना."

"मग जरा सौम्य लिहायचं. 'सुधारणेस वाव', वगैरे. कुणाला कळणार होतं?"

"गाण्याच्या बाईंना," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू... आवाज पत्र्याचा असला तरी आमचं तत्त्व ऐका?"

बोलताना तो तिच्याकडे बघतही नव्हता, पेन्सिलीला टोक काढत होता. ती त्या टोकाकडे बघत राहिली. असा माणूस तिने पाहिलाच नव्हता. तिच्या घरात, तिच्या कचेरीत सगळे वारा बघून पाठ फिरवणारे. तीसुद्धा.

अहवाल झाला. नऊपैकी सात मशीनवर मोकळी, दोनवर विकतची. कारणांसह बारा पानं. त्याने पहिल्या पानावर दोघांची नावं लिहिली. तिचं वर, स्वतःचं खाली.

"माझं वर कशाला?"

"नोंदी तुमच्या. माणसांना बोलतं तुम्ही केलंत. मी नुसत्या तारा जोडल्या." मग तो थोडा घुटमळला. "सभा झाली की... मला तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा ना."

"नाही. आधी अहवाल. नाहीतर मलाच वाटेल, कामात काम उरकलं."

तो आठवडा तिने तरंगत काढला.

सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी तिला आत बोलावलं. ते फार प्रेमाने बोलले. विषयपत्रिका तिच्यापुढे सरकवली. विषय चौथा: संगणक प्रणाली. विषय सातवा: कार्डबाईला सेवेत कायम करणे.

"सहा वर्षं झाली, नाही का?" ते म्हणाले. "पोरी, या अहवालावर तुझं नाव कशाला? तू टायपिंग केलंस, एवढंच ना? पुरवठादाराला मी शब्द दिलाय. उगाच दोन विषयांची सरमिसळ होऊ नये, म्हणून आपलं सांगितलं."

घरी दादाला सगळं अध्यक्षांकडून आधीच कळलं होतं. "बघ," तो म्हणाला, "पाऊस आला की छत्री उघडायची असते, तोंड नाही. वर्ष-दोन वर्षांनी ते कॉम्प्युटर भंगारात जातील. तुझी नोकरी राहील." वाढता वाढता वहिनीने फक्त एकदा कार्डबाईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

सभेत मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशाला पेचकस नव्हता. त्याने बारा पानं नीट समजावून सांगितली. कुठे मोकळी चांगली, कुठे विकतची, काहीच झाकलं नाही. दोघा सभासदांनी माना हलवल्या. ग्रंथपाल तर उघड हसत होते.

मग अध्यक्ष टेबलावर पुढे झुकले.

"तुमचं दुकान आहे ना? ही तुमची मोकळी घेतली की बिघडल्यावर बोलावणार कुणाला? तुम्हालाच! स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेणारा अहवाल आहे हा. या लोकांच्या नोंदी... त्या तरी खऱ्या कशावरून? तुम्हीच बसून लिहिल्या असतील."

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "नोंदी मी लिहिलेल्या नाहीत. या बाईंनी लिहिल्यात. तीनही आठवडे त्या तिथे होत्या. त्यांनाच विचारा ना."

आणि तो तिच्याकडे वळला. अगदी निर्धास्त. पाण्याचा पेला मागावा आणि तो मिळणारच आहे, असा.

"काय गं," अध्यक्ष म्हणाले, "तू समोर बसून पाहिलंस हे सगळं?"

खोलीत पंखा फिरत होता. तिच्या पुढ्यात विषयपत्रिका होती. चौथा... सातवा... तिला आपला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला.

"मी... मी फक्त टायपिंग केलं."

ग्रंथपालांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मिस्त्रीने तिच्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने पाहिलंच नाही. त्याने बारा पानं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, "ठीक आहे," म्हणाला आणि गेला.

नऊच्या नऊ मशीनवर विकतची घ्यायचं ठरलं. सातवा विषय एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. दादाने घरी पेढे नाही आणले, पण शेजारच्या चार घरी जाऊन बातमी तेवढी वाटून आला.

तीन दिवस ती दुकानाच्या रस्त्याने गेली नाही. चौथ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, गेली. शटर अर्ध्यावर अडकलं होतं, ती वाकून आत शिरली. तो एका उघड्या मशीनवर झुकला होता. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. हे सगळं त्याने नेहमीच्या चांगुलपणाने केलं आणि तेच तिला सोसवेना.

"रागवा तरी," ती म्हणाली.

"रागावलो होतो. दोन दिवस." त्याने सोल्डरिंगची झारणी खाली ठेवली. "आता नाही. राग गेला... पण जाताना आणखी काहीतरी घेऊन गेला. काय ते मलाही नीट सांगता येत नाही."

"सातवा विषय माझा होता. माहीत आहे तुम्हाला?"

"नंतर कळलं. ग्रंथपालांनी सांगितलं. तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलं असतंत ना, मी स्वतः तुमचं नाव खोडलं असतं. नोकरी काय, पोटाचा प्रश्न आहे. तुम्हाला त्यांनी विचारलंही नसतं, मीही तुमच्याकडे वळलो नसतो. पण तुम्ही मला सांगितलं नाहीत. अख्खी संध्याकाळ होती तुमच्याकडे."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तीन दिवस ती सभेतलं एक वाक्य उगाळत बसली होती, आणि त्याला सलत होती ती सभेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

चहा आला. दोघांचाही निवला. कुणीच कुणाचा पुढे सरकवला नाही.

"तुम्ही मला काय विचारणार होतात?" तिने विचारलं.

"ते राहू द्या."

"मग मीच विचारते—"

"नका विचारू," तो घाईने म्हणाला. "कृपा करून. मला 'नाही' म्हणायला लावू नका. मला ते जमणार नाही आणि 'हो' म्हटलं तर ते खरं असणार नाही."

ती उठली. निघताना वाकायचं विसरली आणि शटरला डोकं लागलं. त्याचा हात पुढे आला होता, तो अर्ध्यातच थांबला.

पुढच्या महिन्याची सभा पंधरा दिवसांवर होती. ते पंधरा दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. आठव्या दिवशी तिचं ठरलं. नवव्या दिवशी वाटलं, आत्ताच जाऊन त्याला सांगावं, मी काय करणार आहे ते. पण मग वाटलं, नुसतं सांगून काय उपयोग, आधी करून दाखवावं, मग जावं. इथेही ती थांबली. आणि त्या थांबण्याचं दुःख तिला पुढे सगळ्यात जास्त झालं.

सभेत, मागच्या इतिवृत्तावर सही व्हायच्या आधी, ती उभी राहिली. हातात लांब वही होती. दुसऱ्या हाताने तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मागच्या सभेत मी खोटं बोलले," ती म्हणाली. "या नोंदी माझ्या हातच्या आहेत. प्रत्येक माणूस माझ्यासमोर बसला होता. मिस्त्रींनी एक अक्षर बदललेलं नाही. उलट त्यांच्याविरुद्ध जे होतं ते त्यांनी स्वतः लिहिलं. हे इतिवृत्तात यावं."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "खरेदी झालेली आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"आणि तू कायम झालीस, म्हणून हे शौर्य!"

तो घाव बरोबर बसला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिने तोही गिळला. "हो," ती म्हणाली. "आधी बोलायला हवं होतं. तेही लिहा."

लिहून घ्यायला ग्रंथपालच होते. त्यांनी शब्दन् शब्द लिहिला.

सभा बारा वाजता संपली आणि ती थेट दुकानाकडे धावत सुटली. शटर पूर्ण वर होतं, कुणीतरी शेवटी ते दुरुस्त केलं होतं. आत फळ्या रिकाम्या होत्या. जमिनीवर खोकी होती आणि मधोमध बसून तो सुतळी सोडवत होता.

"कुठे?" एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

"दुसऱ्या गावी. शाळेत. चाळीस मशीन आहेत, सांभाळायला माणूस हवा होता. तिथली हवा कोरडी आहे, आत्याला मानवेल." त्याने तिच्या धापा टाकण्याकडे पाहिलं. "काय झालं? बसा आधी."

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. अध्यक्ष शौर्याबद्दल जे बोलले तेही. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड आला की क्षणभर तिला वाटलं, सगळं परत मिळालं.

"फार चांगलं केलंत," तो म्हणाला. "फार चांगलं."

"मग?"

त्याने सुतळी पुन्हा सोडवायला घेतली.

"शाळेला कधी हो म्हणालात?"

"परवा." त्याने सुतळीकडे बघत सांगितलं. "ते तीन आठवडे मागे लागले होते. मी टाळत होतो. परवा वाटलं... आता इथे थांबायला कारण काय?"

परवा. तिने मनात दिवस मोजले आणि डोळे मिटून घेतले.

"मला तुम्ही अजून आवडता," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. तुम्हाला बघितलं की अजून तसंच होतं. पण डोळे मिटून विसंबणं... ते वेगळं. ते परत यायला किती दिवस लागतील, येईल की नाही, मला माहीत नाही. आणि माहीत नसताना तुम्हाला थांबा म्हणणं बरोबर नाही."

"आणि मी म्हटलं, शाळेला नाही सांगा..."

"शब्द दिलाय मी."

ती हसली. रडता रडता हसली. कारण याच माणसावर तिचं प्रेम होतं — जो पेन्सिलीला टोक काढता काढता स्वतःच्या लाडक्या गोष्टीला नापास करतो आणि दिलेला शब्द परत घेत नाही. त्याने शाळेचा शब्द मोडला असता, तर तो तिला हवा असलेला माणूस राहिला नसता. हे तिला कळत होतं आणि कळण्याने काही हलकं होत नव्हतं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "खोकं असं बांधतात का कुणी?"

पुस्तकांचे गठ्ठे बांधून तिचे हात सरावलेले होते. तिने सुतळीचे दोन वेढे घेतले, तो समोर बसला. गाठ मारायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "बोट ठेवा." तिने दोऱ्यावर बोट दाबून धरलं. त्याने टोकं ओवली, हळूहळू आवळत आणली... सुतळी बोटाला रुतली तरी तिने ते काढलं नाही. तोही थांबला. गाठ अर्धवट, तिचं बोट आत, त्याचे दोन्ही हात तिच्या हाताभोवती, तापल्या धातूचा तो वास. बाहेर एक बस आली, थांबली, गेली.

"काढा," तो अगदी हळू म्हणाला.

तिने बोट काढलं. गाठ बसली.

तशी सहा खोकी त्यांनी बांधली. मग ती निघाली. कोपऱ्यापर्यंत एकदाही मागे वळली नाही, कारण वळली असती तर पुढे गेली नसती.

वाचनालयात पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. आत नऊ नवीकोरी मशीनं ओळीने उजळली होती. गाण्याच्या बाई नेहमीच्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी ठेवून, वाट बघत बसल्या होत्या. कार्डबाईने पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर बाईंनी हात वर केला.

"गळा बसलाय तुझा. काय झालं?"

"काही ना—" ती म्हणाली आणि थांबली. पुस्तक मिटलं. "बाई, माझं मिस्त्रींवर प्रेम होतं. आहे. आणि मी वेळेवर बोलले नाही. ते चाललेत."

चाचपडत बाईंनी शेजारची खुर्ची स्वतःच्या अगदी जवळ ओढली आणि तिच्या बैठकीवर हाताने थोपटलं.

"ये," त्या म्हणाल्या. "आज वाचन राहू दे. आज तू सांग, मी ऐकते."